वर्ल्ड सिरीज जिंकली आणि पुढच्याच वर्षी १०८ मॅच हरले: फ्लोरिडा मार्लिन्सच्या १९९८ सीझनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉलचा विषय निघाला आणि मी मार्लिन्सचं नाव काढलं की तेच तेच प्रश्न येतात, कधी अमेरिकेत नवीन गेलेल्या मित्रांकडून, कधी इथेच आयपीएल बघणाऱ्या पण बेसबॉलचं कुतूहल असलेल्या लोकांकडून. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. क्रिकेटची उदाहरणं मुद्दाम दिलीत, कट्टर बेसबॉलवाल्यांनी चालवून घ्यावं.

आधी एका वाक्यात सांग ना, नेमकं झालं काय?

१९९७ ला फ्लोरिडा मार्लिन्स वर्ल्ड सिरीज (म्हणजे अमेरिकन बेसबॉलची सात मॅचची फायनल) जिंकले, मालकाने सोळा दिवसांत खेळाडू काढायला सुरुवात केली, आणि १९९८ ला तीच टीम ५४ जिंकून १०८ हरली.

१०८ म्हणजे खरंच एवढं वाईट आहे का? बेसबॉलमध्ये मॅच खूप असतात ना?

हो, १६२ असतात, त्यामुळे आकडे नेहमी मोठेच दिसतात. पण हे असं बघ, बेसबॉलमध्ये एकदम रद्दी टीमसुद्धा साठ-पासष्ट मॅच जिंकते कारण हा खेळच तसा आहे, एखाद्या दिवशी समोरचा पिचर (म्हणजे बॉलर) ढेपाळतो आणि तुम्ही जिंकून जाता. शंभर हार म्हणजे बदनामीची रेषा. आणि गतविजेती टीम त्या रेषेपलीकडे जाणं त्याआधी कधीच झालं नव्हतं, आणि त्यानंतरही आजपर्यंत नाही. २०१४ ला बॉस्टन रेड सॉक्स गतविजेते असून डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या गटात, शेवटी आले, पण ते ९१ हरले.

मला सगळ्यात बोचणारा आकडा वेगळाच वाटतो. १९९८ ला लीगमध्ये दोन कोऱ्या करकरीत टीम आल्या, अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स आणि टॅम्पा बे डेव्हिल रेज, म्हणजे ज्यांनी आधी एकही मॅच खेळलेली नाही, इतर टीमनी नको म्हणून सोडलेले खेळाडू गोळा करून उभ्या केलेल्या. अ‍ॅरिझोना ६५ जिंकली, टॅम्पा ६३. चॅम्पियन ५४! डिव्हिजनमध्ये पहिल्या आलेल्या अटलांटापेक्षा तब्बल ५२ मॅच मागे.

१९९७ ची टीम खरंच भारी होती की तुक्का लागला?

भारी होती बाबा. ९२ मॅच जिंकलेली टीम तुक्का कशी असेल. डिव्हिजन अटलांटाने जिंकली, हे वाइल्ड कार्डने (गटात पहिले न येताही चांगल्या रेकॉर्डवर मिळणारी जागा) आत आले, आणि वाइल्ड कार्डने येऊन वर्ल्ड सिरीज जिंकणारी ही पहिलीच टीम. क्लबचं वय तेव्हा फक्त पाच सीझन, पहिली मॅच १९९३ ची.

आणि ती सातवी मॅच. २६ ऑक्टोबर १९९७, समोर क्लीव्हलँड, ज्यांनी १९४८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नव्हती. नवव्या इनिंगमध्ये क्लीव्हलँड २-१ ने पुढे आणि त्यांना फक्त दोन आउट हवे होते. क्रेग काउन्सेलने उंच फटका मारला, झेल घेतला गेला पण तेवढ्यात तिसऱ्या बेसवरून मोईझेस अलू पळत आला आणि बरोबरी झाली. मग अकराव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर मार्लिन्सचे खेळाडू, दोन आउट, आणि कोलंबियाच्या बारांकियाचा बावीस वर्षांचा पोरगा एडगर रेंतेरिया, त्याने पिचरच्या डोक्यावरून मधोमध एक सिंगल काढली. काउन्सेल दोन्ही हात वर करून उड्या मारत होम प्लेटवर आला. संपलं. स्टेडियममध्ये ६७ हजारांच्या वर माणसं होती.

सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) लिवान हर्नांडेझ, क्युबातून पळून आलेला पिचर, आणि त्याची आई त्या शेवटच्या मॅचसाठी क्युबातून येऊ शकली होती. हे सगळं एका रात्रीत. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

मग विकली कोणी आणि का?

मालक वेन हायझेंगा. कचरा उचलायच्या धंद्यातून वर आलेला, वेस्ट मॅनेजमेंट त्याची, मग ब्लॉकबस्टर व्हिडिओ दुकानांची साखळी मोठी केली, मायामी डॉल्फिन्स फुटबॉल टीम त्याची, बर्फावरची हॉकी टीम पण त्याची. माणूस हुशार होता यात वाद नाही.

१९९६-९७ च्या हिवाळ्यात त्याने फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) आणि मॅनेजरवर (बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे कोच) मिळून सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलरचे करार केले. अलू, बॉबी बोनिया, मॅनेजर जिम लेलँड, सगळे तेव्हा आले. त्याचं गणित असं होतं की टीम जिंकली की लोक खूश होतील, लोक खूश झाले की सरकारी पैशातून छप्पर असलेलं नवीन स्टेडियम मिळेल. मायामीचा उन्हाळा आठव, दुपारी वाफा आणि संध्याकाळी धो धो पाऊस, जुलैमधली मुंबई समज पण रोज मॅच. जुनं स्टेडियम मुळात फुटबॉलचं आणि वर उघडं. पण सरकारकडून स्टेडियमचे पैसे काही येईनात. मग १९९७ च्या जूनमध्ये, म्हणजे सीझन चालू असतानाच, त्याने जाहीर करून टाकलं की मी क्लब विकायला काढतोय. म्हणजे टीम चॅम्पियन झाली तेव्हा मालक आधीच सामान बांधून दारात उभा होता.

पण त्याला तोटा होत होता ना? मग त्याचं काय चुकलं?

हा प्रश्न दरवेळी येतो आणि इथेच माझं डोकं फिरतं. हायझेंगा म्हणत होता १९९७ ला ३ कोटी ४० लाख डॉलर तोटा झाला. पण स्टेडियम पण त्याचंच होतं! तिथल्या स्पेशल बॉक्सचे पैसे, पार्किंग, जाहिराती, यातला मोठा भाग स्टेडियमच्या खात्यात जायचा, मार्लिन्सच्या नाही. अँड्र्यू झिंबालिस्ट नावाच्या अर्थतज्ज्ञाने हे हिशेब तपासून मांडलं की हा पैसा टीमच्या नावावर धरला तर तोटा नाही, उलट नफाच निघतो.

आपल्याकडे एकाच घरात दुकान एका भावाच्या नावावर आणि गोडाऊन दुसऱ्याच्या, आणि दुकान कायम तोट्यात असतं, तो प्रकार. मालकाने आपला माल विकायला कायद्याची आडकाठी नव्हती हे मान्य. पण 'नाइलाज होता' हे मला कधीच पटलं नाही.

कोण कोण गेलं? लिस्ट दे.

लिस्ट काय, अर्धी टीमच गेली. ११ नोव्हेंबर १९९७ ला अलू ह्यूस्टनला, म्हणजे ट्रॉफी उचलून जेमतेम सोळा दिवस. त्याच महिन्यात क्लोजर (मॅचचा शेवट सांभाळणारा पिचर) रॉब नेन सॅन फ्रान्सिस्कोला, डेव्हॉन व्हाइट अ‍ॅरिझोनाला, आणि पहिल्या दिवसापासून टीममध्ये असलेला, ज्याला लोक मिस्टर मार्लिन म्हणायचे तो जेफ कोनाइन कॅन्सस सिटीला. डिसेंबरमध्ये नंबर एकचा पिचर केव्हिन ब्राउन सॅन डिएगोला. फेब्रुवारीत अल लायटर न्यू यॉर्क मेट्सला. टोनी सॉन्डर्सला नवीन टीमच्या ड्राफ्टमध्ये टॅम्पाने सगळ्यात पहिला उचलला. अ‍ॅलेक्स फर्नांडेझ खांद्याच्या दुखापतीने पूर्ण १९९८ बाहेर, हे तेवढं नशीब, त्यात मालकाचा दोष नाही.

आणि गेलेल्यांनी १९९८ ला काय केलं ते बघ. अलूने ३८ होम रन (आपल्या षटकारासारखे) मारले. ब्राउन १८ मॅच जिंकला आणि सॅन डिएगो थेट वर्ल्ड सिरीजमध्ये. लायटर १७ जिंकला. नेनचे ४० सेव्ह, म्हणजे शेवटी आघाडी राखून संपवलेल्या मॅच. म्हणजे म्हातारे झालेले घोडे विकले वगैरे जे सांगतात ना, ते खोटं आहे, सगळे धावत होते, फक्त दुसऱ्यांच्या रथाला जुंपून.

हे आपल्या आयपीएलच्या मेगा ऑक्शनसारखंच नाही का?

दिसायला सारखं आहे. केकेआरचं ताजं उदाहरण घे, २०२४ ला कप जिंकला, मग ऑक्शनच्या आधी कॅप्टन श्रेयस अय्यर सुटला, आपला मुंबईचा श्रेयस पावणेसत्तावीस कोटींना पंजाबला गेला, २०२५ ला पंजाब फायनलमध्ये आणि केकेआर आठव्या नंबरवर. मार्लिन्सचा फॅन हे वाचून गालातल्या गालात हसेल.

पण फरक मोठा आहे. मेगा ऑक्शन हा सगळ्यांना लागू असलेला नियम आहे, ठरावीक वर्षांनी सगळेच पत्ते परत पिसतात. मार्लिन्सला कुणी सांगितलं नव्हतं खेळाडू सोडा म्हणून. बाकीच्या टीम पत्ते धरून बसल्या होत्या आणि एकट्या यांनी हातातले एक्के खाली टाकले.

सीझनची सुरुवात कशी झाली?

ओपनिंग डेला शिकागो कब्जला हरवलं, लोकांना वाटलं अरे वा, जमेल की. पुढच्या अकरा मॅच सलग हरले. एप्रिल अर्धासुद्धा झाला नव्हता आणि सीझन खलास.

माइक पिआझा खरंच मार्लिन्सकडून खेळलाय?

खेळलाय! पाच मॅच. हा माझा आवडता किस्सा, त्यामुळे थोडं सविस्तर.

मे महिना. मार्लिन्सकडे अजून एक महागडा खेळाडू उरला होता, गॅरी शेफिल्ड, सहा वर्षांचा ६ कोटी १० लाख डॉलरचा करार, शिवाय करारात अट की माझ्या परवानगीशिवाय ट्रेड (दुसऱ्या टीमशी अदलाबदल) करायचं नाही. तिकडे लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिआझा, त्या काळातला बहुतेक सगळ्यात भारी बॅटिंग करणारा कॅचर (आपला विकेटकीपर समज), त्याच्या नवीन कराराची बोलणी फिसकटलेली. डॉजर्स तेव्हा नुकतेच फॉक्स या टीव्ही कंपनीने विकत घेतलेले, आणि फॉक्सच्या साहेबांनी टीमच्या जनरल मॅनेजरला, फ्रेड क्लेअरला, न विचारताच सौदा ठरवून टाकला. पिआझा आणि टॉड झील मायामीला, बदल्यात शेफिल्ड, बोनिया, कॅचर चार्ल्स जॉन्सन, जिम आयझेनराइक आणि मॅन्युएल बारिओस लॉस एंजेलिसला. यातला जॉन्सन तर मायामीच्याच युनिव्हर्सिटीत खेळलेला, घरचं पोर.

आता एवढ्या मोठ्या खेळाडूला आणलं म्हणजे ठेवायला आणलं असं कुणालाही वाटेल ना. छे. तो फक्त पगाराचं ओझं उतरवायचा रस्ता होता. पिआझाने १८ वेळा बॅट लावली, ५ हिट, त्यात एक ट्रिपल, म्हणजे थेट तिसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका (पिआझाचा ट्रिपल! जड पायांचा कॅचर, अख्ख्या करिअरमध्ये त्याचे आठच आहेत), होम रन शून्य, आणि २२ मेला मेट्सला रवाना. एक आठवडा. लोक लॉजवर यापेक्षा जास्त राहतात. २०१६ ला हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या महान लोकांच्या मानाच्या यादीत) गेला तो मेट्सची टोपी घालून. झीलला पण जुलैच्या शेवटी टेक्सासला पाठवलं.

मग मैदानावर उरलं कोण?

१९९७ च्या हिरोंपैकी रेंतेरिया, काउन्सेल आणि लिवान. बाकी सगळी पोरं: क्लिफ फ्लॉइड, मार्क कोट्से, डेरेक ली, टॉड डनवूडी, रायन डेम्पस्टर. वाईट खेळाडू नव्हते हं, यातले बरेच पुढे चांगले निघाले, फ्लॉइडने तर त्याच वर्षी २२ होम रन मारले. पण रणजीत एखादा सीझन काढलेल्या अकरा पोरांना एकदम वर्ल्ड कपला उतरवलं तर काय होईल, ते झालं.

लिवानचं मला जास्त वाईट वाटतं. बाकीचे पिचर गेले म्हणून सगळा भार त्याच्यावर, तेविशीच्या पोराने २३४ इनिंग टाकल्या, रेकॉर्ड १०-१२, म्हणजे १० जिंकल्या, १२ हरल्या. काउन्सेलचा तर ऑगस्टमध्ये बॉल लागून जबडा मोडला. वर्षच तसं होतं.

त्या वर्षी मॅकग्वायर आणि सोसा या दोन बॅटरची सर्वाधिक होम रनची शर्यत होती ना?

होती, अख्खा देश तेच बघत होता. आणि मार्लिन्सचा त्यात सहभाग विचारशील तर मार्क मॅकग्वायरने ५६, ५७, ५८ आणि ५९ नंबरचे होम रन यांच्याच पिचरना यांच्याच घरी मारले, १ आणि २ सप्टेंबरला. ५६ वा लिवानला. गेल्या वर्षी ज्या स्टेडियममध्ये ट्रॉफी उचलली तिथे आता यजमान टीम म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातले वाजंत्रीवाले.

मॅनेजर लेलँडची चूक होती का?

अजिबात नाही, आणि हे कुणी म्हणालं की मला राग येतो. लेलँडने पिट्सबर्गमध्ये अकरा वर्षं काढली, तिथेही चांगली टीम पैशांअभावी डोळ्यांसमोर विस्कटलेली बघितली, आणि मायामीला आला तो एकदा तरी जिंकायचं म्हणून. जिंकला. आणि लगेच परत तेच भोग. सीझन संपल्यावर राजीनामा दिला आणि कोलोरॅडोला गेला. पुढे डेट्रॉइटला दोनदा वर्ल्ड सिरीजपर्यंत घेऊन गेला आणि २०२४ ला हॉल ऑफ फेममध्ये. म्हणजे ५४-१०८ या माणसाच्या नावावर आहे आणि तरी तो हॉल ऑफ फेममध्ये आहे, यावरून काय ते समज.

लोकांनी काय केलं? मोर्चे वगैरे?

लोकांनी सगळ्यात सोपं काम केलं, यायचंच बंद केलं. १९९३ ला पहिल्या वर्षी ३० लाखांवर तिकिटं गेली होती. १९९७ ला साडेतेवीस लाखांच्या आसपास. १९९८ ला सव्वासतरा लाख, आणि यातली कितीतरी तिकिटं चॅम्पियन टीम बघायला मिळेल म्हणून आधीच घेतलेली असणार. १९९९ ला आणखी खाली.

आणि हे नुसतं एका वर्षाचं दुखणं नाही. एकदा दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात तसं मायामीचा माणूस अजून करतो. कारण नंतरही तेच झालं, २००५ नंतर, २०१२ नंतर, २०१७ नंतर, मालक वेगवेगळे पण सेल तोच. २०१२ ला छपराचं नवीन स्टेडियम मिळालं, लिटिल हवाना भागात, टीमचं नाव फ्लोरिडाचं मायामी झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी परत अर्धी टीम टोरांटोला. हायझेंगाचा स्टेडियमचा मुद्दा खरा होता असं धरलं तरी स्टेडियमने काय फरक पडला सांग?

पण २००३ ला परत जिंकले ना? मग फायर सेलचा, म्हणजे सगळे महागडे खेळाडू विकून टाकण्याचा, फायदाच झाला की!

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर मलाच थोडं अडचणीत टाकतं.

ट्रेडचे धागे पकडून चल. केव्हिन ब्राउन देऊन डेरेक ली आला, तो २००३ चा फर्स्ट बेसमन. पिआझा देऊन प्रेस्टन विल्सन, एड यार्नल आणि जेफ गेट्झ आले. त्यातला यार्नल १९९९ ला आणखी दोघांसोबत यँकीजला देऊन माइक लोवेल आणला. विल्सनला पुढे कोलोरॅडोला पाठवलं त्या सौद्यात हुआन पिएर आला. म्हणजे पाच मॅच खेळलेल्या पिआझातून २००३ चा थर्ड बेसमन आणि सेंटर फील्डर दोन्ही निघाले! रेंतेरिया देऊन ब्रेडन लूपर आला, तोही त्या टीममध्ये होता. आणि ज्या यँकीजने लोवेल दिला त्यांनाच फायनलमध्ये हरवलं. जनरल मॅनेजर डेव्ह डॉम्ब्रोव्स्कीने मालकाने हात बांधलेले असताना जेवढं करता येईल त्याच्यापेक्षा जास्त केलं, हे मान्य करायलाच हवं.

तरी फायदा झाला असं मी म्हणणार नाही. एक तर १९९८ मध्ये कुणीही पाच वर्षांनंतरचा विचार करत नव्हतं, फक्त पगार कमी करून क्लब विकण्यासाठी छान दिसावा एवढंच चाललं होतं. आणि दुसरं, अलू देऊन जे तीन पिचर आले त्यातला एक, बारिओस, सहा महिन्यांत शेफिल्डच्या सौद्यात पुढे गेला आणि बाकी दोघांचं नाव आज कट्टर फॅनलासुद्धा पटकन आठवत नाही. निघालेली लॉटरी सगळे सांगतात, फुकट गेलेली तिकिटं कोणी सांगत नाही.

कोनाइन मात्र २००३ ला ऑगस्टच्या शेवटी ट्रेडने परत आला आणि चॅम्पियन खेळाडूंना मिळणारी दुसरी अंगठी पण घेतली. हे वाचून थोडं बरं वाटतं.

क्लब शेवटी कोणी घेतला?

जॉन हेन्रीने, १९९९ च्या सुरुवातीला, १५ कोटी डॉलरच्या वर देऊन. हो तोच, जो नंतर बॉस्टन रेड सॉक्सचा मालक झाला आणि आता लिव्हरपूलचा आहे. लिव्हरपूलचे फॅन अधूनमधून 'हेन्री पैसे सोडत नाही' म्हणून ओरडतात ना, त्यांना मायामीतल्या लोकांकडे पाठवा एकदा.

मार्लिन्सने डिव्हिजन कधी जिंकलीय?

कधीच नाही. दोन वर्ल्ड सिरीज, दोन्ही वाइल्ड कार्डने, डिव्हिजन शून्य.

१९९७ च्या टीममधल्या कुणालातरी अजून पगार मिळतो म्हणतात, खरंय का?

अर्धं खरं. बॉबी बोनिया मार्लिन्सकडून डॉजर्सला गेला आणि तिथून १९९८ च्या शेवटी मेट्सला. मेट्सला तो नकोसा झाला तेव्हा त्याचे ५९ लाख डॉलर देणं बाकी होतं, ते तेव्हाच देऊन मोकळं व्हायच्या ऐवजी व्याजासकट नंतर देऊ असं ठरलं. म्हणून २०११ पासून दर १ जुलैला त्याला ११ लाख ९० हजार डॉलरच्या आसपास मिळतात आणि ते २०३५ पर्यंत मिळणार, तेव्हा तो ७२ वर्षांचा असेल. फॅन लोक तो दिवस सणासारखा साजरा करतात. फक्त चेक मेट्सचा असतो, मार्लिन्सने त्याला केव्हाच सोडून दिलेला.